लसूण घास

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, त्या दिवशी घरमालकांनी मला नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, गच्चीची किल्ली कुठे असते आणि फाटकाची कडी कशी लावायची, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. मी वरच्या खोलीत सामान टाकून खाली आलो आणि विचारलं, "नाना, पाण्याचा दिवस कोणता म्हणालात?" त्यांनी पेपरातून मान वर केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगितलं मी." झालं. मान पुन्हा पेपरात. त्या आठवड्यात मी शेजाऱ्यांकडून बादली मागून आंघोळ केली, पण नानांनी काही तो दिवस परत सांगितला नाही.

तो मला अक्कांनी सांगितला. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नानांची बायको मुलगा लहान असतानाच वारली, तेव्हा शिरपूरकडच्या एका खेड्यातून विधवा अक्का भावाचं घर सांभाळायला आल्या त्या तिथल्याच झाल्या. इतकी वर्षं धुळ्यात काढूनही त्यांच्या तोंडची अहिराणी सुटली नव्हती. नाना शहरी मराठी बोलत, तेही मोजकं. अक्कांनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्याले इचारू नको, भाऊ. तो एकदावच बोलस. काय ऱ्हायनं ते माले इचारत जाय."

नाना नोकरीत असताना बसस्थानकावर नियंत्रक होते. कोणत्या गावच्या ते सांगत नाही. तिथले जुने प्रवासी अजून त्यांची आठवण काढत असतील, आणि चांगल्या शब्दांत काढत नसतील. बाकीचे नियंत्रक गाडी लागली की तीन-तीनदा घसा फोडत. नाना माईक हातात घेत, खाकरत आणि स्वच्छ आवाजात एकदाच सांगत, अमुक मार्गे अमुक गावाला जाणारी गाडी अमुक फलाटावर लागली आहे. मग माईक खाली. एखादी बाई पोराला पाणी पाजत असेल, एखादा म्हातारा बिडी पेटवत असेल, त्यांची गाडी गेली. कोणी तावातावानं भांडायला आलं की नाना शांतपणे म्हणायचे, "दोनदा सांगितलं की माणसं पहिल्यांदा ऐकतच नाहीत." त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या पाळीत माईकची खरखर आली की अख्खं स्थानक चिडीचूप व्हायचं. खरंखोटं देव जाणे. मी तरी असं चिडीचूप झालेलं बसस्थानक खानदेशात कुठे पाहिलेलं नाही.

चहाची गंमत तर विचारू नका. आपल्याकडे चहा विचारला की पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं. समोरच्यानं "अहो घ्या हो" म्हणायचं असतं, आपण "बरं, अर्धाच" म्हणायचं असतं, आणि मग कपभर प्यायचा असतो. पहिल्या रविवारी नानांनी विचारलं, "चहा?" मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको नको, कशाला उगाच." नाना म्हणाले, "बरं." आणि माझ्यासमोर बसून स्वतःचा चहा बशीत ओतून फुरके मारत प्यायले. मला वाटलं माणूस चिक्कू आहे. तसं नव्हतं. पुढे कधीतरी मी हे बोलून दाखवलं तर त्यांना खरोखरच नवल वाटलं. "तुम्ही नको म्हणालात. मी ऐकलं," ते म्हणाले. त्या घरात मी पहिल्याच फटक्यात "हो" म्हणायला शिकलो आणि तेव्हापासून इतरांच्या घरी हावरट म्हणून ओळखला जाऊ लागलो.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण अक्का एक गोष्ट सांगत, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मुलाला सुरतेच्या कापड बाजारात नोकरी लागत होती. जावं की जाऊ नये, त्याचं ठरत नव्हतं. नाना त्याला म्हणाले, "इथं राहा." एकदा. जायच्या दिवशी तो बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला, बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून भावाला खुणा करत होत्या, अजून एकदा म्हण, अजून एकदा म्हण. नाना म्हणाले, "ऐकलंय त्यानं." मुलगा गेला. तिकडेच त्यानं लग्न केलं, तिकडेच मुलगी झाली. दर दिवाळीच्या आधी नाना फोन करायचे, "दिवाळीला या," आणि ठेवून द्यायचे. सुनेला ते बोलावणं बोलावण्यासारखं वाटत नसे. ती माहेरी जात असे. फोनवर तो अक्कांशी बोले, बापाशी नाही. "पोर नाडी बांधी राह्यना व्हता," हे सांगताना अक्कांचा हात आपोआप पायाकडे जायचा. नानांच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. मला मात्र त्या माणसाचा राग यायचा, आणि राग आला की मी वरच्या खोलीत जाऊन उगाच खुर्च्या सरकवायचो.

त्या वर्षी गणपतीत मुलगा आला. बऱ्याच वर्षांनी, तासाभरासाठी, आणि बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि एक खोका घेऊन. खोक्यात ससा होता. पांढरा, मुठीएवढा, आईपासून नुकताच सुटलेला. मुलीच्या वाढदिवसाला कोणीतरी भेट दिला होता आणि त्यांच्या इमारतीतल्या लोकांनी कटकट सुरू केली होती. मुलीनं त्याचं नाव कापूस ठेवलं होतं. ती खोका आजोबांच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "आजोबा, आम्ही दिवाळीत येणार. तोपर्यंत हा मोठा झाला पाहिजे. कराल ना मोठा?"

"करीन," नाना म्हणाले.

मुलगा बापाकडे बघत होता. मग म्हणाला, "येऊ दिवाळीत. ती ऐकणार नाही आता."

गाडी गेली तरी नाना खोका धरून फाटकात उभे होते. त्या घरात दिवाळीला कोणी येणार हे ठरलं होतं, आणि ते एका सशाच्या जिवावर ठरलं होतं. हे आम्हा तिघांनाही लख्ख कळत होतं, म्हणून कोणी त्याबद्दल बोललं नाही.

पहिल्याच संध्याकाळी अक्कांनी त्याला गाजर किसून दिलं आणि वर दुधात बुडवलेलं बिस्कीट. ससा म्हणजे गाजर, हे चित्रातल्या सशांनी सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं आहे. सकाळी त्याचं पोट बिघडलं होतं. नानांनी खोका उचलला, रिक्षा केली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी त्यांना काय काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण परत आल्यावर नाना अंगणाच्या मधोमध उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "कोरडं गवत सतत पुढ्यात पाहिजे. हिरवा चारा पिल्लू लहान आहे तोवर. स्वच्छ पाणी. भाजीचा पाला पिल्लू मोठं झाल्यावर, एकेक करून, थोडा. गाजर नाही. केळं नाही. बिस्कीट नाही. भाकरी नाही. दूध तर नाहीच." मला त्या क्षणी बसस्थानक आठवलं. सगळं अंगण चिडीचूप झालं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

केळं नाही, हे माझ्या जिव्हारी लागलं. मी रावेरकडचा, केळीच्या बागांत वाढलेला. घरून कोणी धुळ्याला येणार असलं की केळ्यांची फणी माझ्यासाठी येणार म्हणजे येणारच. मी एक पिकलेलं केळं घेऊन खाली गेलो.

"नाना, आमच्याकडे तान्ह्या बाळालाही केळं कुस्करून देतात."

"बाळ नाही ते."

"बाळ नही तर काय शे मग?" अक्का आतून म्हणाल्या. त्या त्याला कापूस म्हणतच नसत, बाळच म्हणत. केळं मी खाल्लं.

रोज सकाळी नाना पांझरेच्या पुलाकडे चालत जायचे. तिथे गाईंना घालण्यासाठी हिरव्या चाऱ्याच्या जुड्या विकायला बसतात. त्यांतली एक कोवळी जुडी निवडून आणायचे, पेपरावर पसरून पानांवरचं पाणी फडक्यानं टिपायचे, मग सशापुढे ठेवायचे आणि समोर पाटावर बसून राहायचे. तो चारा कोणता, त्याला काय म्हणतात, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. आणून पुढ्यात ठेवल्यावर सांगायचं काय? अक्कांनाही विचारायची गरज पडली नाही. सशाला काही घालायची सोय त्यांना नव्हतीच. नानांनी तो कारभार पूर्ण आपल्याकडे घेतला होता, आणि याचं अक्कांना फार लागलं होतं. "मी या घरमा पोर वाढवं," त्या मला म्हणायच्या, "बिनमायनं पोर. अन् आते माले सशाले खावाले घालता येत नही!" हात रिकामे राहिले की त्या अस्वस्थ होत. त्यांच्या हातचं कोणी काही खाल्लं नाही की त्यांना दिवस वाया गेल्यासारखा वाटे.

संध्याकाळी सुरतेहून व्हिडिओ कॉल यायचा. नाना मोबाईल सशासमोर धरायचे, कधी उलटा, कधी नुसत्या शेपटीवर.

"आज काय खाल्लं, आजोबा?"

"गवत."

"फक्त गवत?"

"गवतच."

ती खिदळायची. मग बापाचा चेहरा क्षणभर पडद्यावर यायचा आणि म्हणायचा, "बरं आहे ना सगळं?" नाना म्हणायचे, "बरं आहे." दोन माणसांत यापेक्षा जास्त बोलणं मी ऐकलं नाही. पण आधी एवढंही नव्हतं. फोन बंद झाल्यावर नाना अंगणात उगाचच येरझाऱ्या घालायचे, आणि अक्का मला डोळ्यांनी दाखवायच्या, बघ.

नवरात्र संपल्यावर नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. त्यांच्या जुन्या सोबत्यानं जळगावला केलं होतं म्हणून यांनाही जळगावलाच करायचं होतं. जळगावात माझे मामा राहतात, तेव्हा मी बरोबर गेलो. निघताना नानांनी कोरडं गवत भरपूर रचून ठेवलं, हिरवी जुडी ठेवली आणि अक्कांना म्हणाले, "हे." तेवढंच.

ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी पुन्हा तपासायचं म्हणून थांबवून घेतलं. आम्ही मामांकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी मी नानांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकत होतो, तेव्हा अक्कांचा फोन आला. मी तो स्पीकरवर लावून नानांच्या हातात दिला.

"नाना, हिरवं बठ्ठं सरी गयं," अक्का म्हणाल्या; हिरवा चारा संपला होता. "गवतले तो नुसता हुंगस, खात नही. काय घालू?"

"लसूण घास घाल," नाना म्हणाले, आणि बोटानं चाचपत फोन बंद केला.

मी त्या वेळी खोलीत होतो, मी ते वाक्य ऐकलं, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या गोठ्यात लहानपणापासून लसूण घास येतो. त्यात लसणाचा संबंध फक्त नावापुरता. मेथीसारखी पानं असलेला तो जनावरांचा हिरवा चारा. नाना रोज पुलावरून आणत तो हाच. पण अक्कांच्या गावाकडे त्याच चाऱ्याला मेथीघास म्हणतात. लसूण घास हे नाव त्यांनी उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच, की लसणाचा घास घाल.

आम्ही परत आलो तेव्हा अक्का दारातच होत्या, आणि चेहऱ्यावर काळजी होती. ससा खोक्यात एका कडेला पडून होता. डोळे अर्धवट मिटलेले, पोट टम्म फुगलेलं. नानांनी काळा चष्मा काढला आणि गुडघ्यावर बसले.

"काय दिलंस?"

"तू सांगं तेच," अक्का म्हणाल्या. "लसूणना घास." आणि त्यांनी वाटी आणून दाखवली. दादर ज्वारीची मऊ भाकरी, त्यात ठेचलेला लसूण, तेलाचं बोट, आणि त्याचे हरभऱ्याएवढे वळलेले घास. वाटीला लसणाचा घमघमाट सुटला होता. "पहिलांदा तोंडच उघडे ना. मग मांडीवर घिधा, गालमा बोट घालीन एकेक भरावं. काल दोनी टाइम, आज सकायले. मी म्हनं, सशाले लसूण कसा? फोन हातमा घिधा व्हता तुले इचाराले. पन दुसरांदा इचारं का तू चिडस. अन् पोटले लसूण चांगलाच ना?" त्यांच्या आवाजात काळजीच्या खाली एक समाधान होतं. इतके दिवस मनाई होती, आणि भावानं आपणहून घाल म्हणून सांगितलं होतं. भाकरी नको म्हणणाऱ्यानं घास घाल म्हटलं होतं. त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन भरवलं होतं.

काय झालं ते मला समजलं. मी नानांकडे बघितलं. त्यांनाही समजलं होतं. त्यांचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस फाडून खाणार. नाना म्हणाले, "बरं." वाटी त्यांनी अक्कांच्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. मग खोका उचलला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोट चोळलं, सुई दिली, औषध पाजून पाहिलं. म्हणाल्या, लसूण सशाला मुळीच चालत नाही, आणि एवढ्याशा पोटात भाकरी फुगते, आंबते. "तुम्हाला मी सगळं नीट सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "तुम्ही नीट सांगितलं होतं." ससा त्यांच्या हातांखालीच गेला. टेबलावर पांढरा फडका टाकल्यासारखा दिसत होता.

परतताना रिक्षात नानांच्या मांडीवर खोका होता. पुलापाशी, त्या चाऱ्याच्या जुड्या दिसल्या तिथे, ते म्हणाले, "अक्काला सांगायचं नाही." मी मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर माझ्या मनगटाला धरून पुन्हा म्हणाले, "अक्काला सांगायचं नाही. कळलं ना?" तोपर्यंत त्यांच्या तोंडून मी कुठलीच गोष्ट दोनदा ऐकली नव्हती.

घरी येऊन त्यांनी अक्कांना सांगितलं, ससा मुळातच नाजूक होता, जगणाराच नव्हता. अक्का रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मी बराबर दिधं ना पन?" नाना म्हणाले, "बरोबर दिलंस." त्यांनी रात्री जेवताना परत विचारलं. नाना म्हणाले, "तू बरोबरच दिलंस, अक्का." दुसऱ्या दिवशीही. मला वर ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, आणि प्रत्येक वेळी न कंटाळता तेच उत्तर.

सुरतेला फोन नानांनी स्वतः केला. अक्का देवळात गेल्या होत्या तेव्हा. मी जिन्यात होतो, आणि फोन स्पीकरवर होता. आधी मुलीला सांगितलं. "ससा गेला, बाळा. माझी चूक झाली. मी चुकीचं खायला घालायला सांगितलं." पलीकडून एकदम रडं फुटलं आणि मग, "तुम्ही म्हणाला होता मोठा करीन! तुम्ही म्हणाला होता!" मग फोन मुलानं घेतला असावा, कारण नाना उभे राहिले.

"बाबा, एवढी एक गोष्ट होती," मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"मी काय सांगू आता तिला?"

"दिवाळीला या," नाना म्हणाले. "या दिवाळीला. तिला घेऊन ये, सूनबाईंना घेऊन ये. मी वाट बघतो. या बरं का. याच."

"बघतो," मुलगा म्हणाला. "ती नको म्हणतेय."

मला त्या जिन्यात उभं राहवेना. असंच परत परत, ते पोर नाडी बांधत असताना नानांनी म्हटलं असतं तर, हा विचार माझ्या मनात आला, आणि मला त्या म्हाताऱ्याचा राग येण्याऐवजी भयंकर वाईट वाटलं. आज लिहितानाही वाटतंय. माणसाला सुचतं तेव्हा ऐकणारा निघून गेलेला असतो, असं दर वेळी का व्हावं, मला कळत नाही.

दिवाळीला कोणी आलं नाही. नानांनी नंतरही फोन केले, आणि आता ते प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा बोलायचे, त्यामुळे मुलगा लवकर आटोपतं घ्यायचा. मुलाकडून फोनवर ऐकून अक्का शेजारपाजारी सांगत फिरायच्या की माझ्या भावानंच काहीतरी चुकीचं खायला आणलं आणि नातीचा ससा घालवला, पोरगी रुसून बसली. नानांच्या समोरही सांगायच्या. नाना मान हलवायचे. कोणी विचारलं, "काय हो नाना, असं कसं झालं?" तर म्हणायचे, "झालं माझ्या हातून."

थंडी पडली आणि माझी जळगावला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी मला जेवायला बोलावलं. काट्याकुट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. खानदेशात पाहुण्याला निरोप द्यायची याहून मोठी रीत नाही. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. त्यात लसूण नव्हता.

"अक्का, लसूण घालायचा राहिला का?"

"नही. मी लसूण सोडी दिधा."

"अजून? चातुर्मास तर संपला."

अक्का पुरी वाढत राहिल्या. नाना घाईनं म्हणाले, "मला बाधतो. पोटात जळजळ होते. मीच सांगितलं, नको म्हणून. मीच सांगितलं."

नाना पाण्याचा तांब्या भरायला मोरीकडे गेले. अक्कांनी माझ्या पानात भरीत वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटं बोलस तो. लसूण नसना तर त्याना गयाखाले जेवण उतरत नव्हतं." मग आवाज आणखी खाली आणला. "माले तव्हयच समजनं, भाऊ. त्यानी वाटी मना हातमाईन काढी लिधी, तव्हयच. नाना मना हातनी वाटी कधी काढी लेत नही."

"मग तुम्ही सगळ्यांना सांगत का फिरता, की नानांनीच..."

"त्याले तसंच पाहिजे शे ना," अक्का म्हणाल्या. "मी सांगं नही तर तो समजी जाई, हिले समजनं."

नाना तांब्या घेऊन आले, पानावर बसले; अक्काही आपलं पान वाढून बसल्या. "कसं व्हयनं भरीत?" अक्कांनी त्यांना विचारलं.

"चांगलं झालंय," नाना म्हणाले. "चांगलं झालंय. वाढ अजून."

त्या भरताला काहीच चव नव्हती. आम्ही तिघंही परत परत वाढून घेत होतो.